भंगार ठरवायचा अधिकार कोणाचा?

‘काका, यात आता काही राहिलं नाही. विंडोज अकरा यावर बसत नाही, नवीनच घ्या.’ १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला तो ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि सेलच्या पाट्यांखाली हे वाक्य दुकानोदुकानी ऐकू येऊ लागलं. सल्ला देणाऱ्यांनी तेच जरा सभ्य भाषेत लिहिलं, कचेऱ्यांतल्या संगणक विभागांनी परिपत्रकात घातलं. काल संध्याकाळपर्यंत मुकाट्याने काम करणारा लॅपटॉप आज सकाळी धोकादायक, संथ आणि निरुपयोगी झाला, हे विधान इतक्या तोंडांतून आलं की त्याला पुरावा मागायचं कोणाला सुचेना.

मला पुरावा मागायचा आहे. आठ, दहा, अगदी चौदा वर्षांच्या लॅपटॉपवर आजची ताजी कार्यप्रणाली बसवणं हा वेडेपणा आहे, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा काही ठिकाणी खरा आहे, आणि ती ठिकाणं मी लपवणार नाही. पण ‘यंत्र म्हातारं झालं’ आणि ‘कंपनीने यंत्राचं नाव यादीतून काढलं’ या दोन वेगळ्या घटना आहेत. दुकानदार दुसरी सांगतो, गिऱ्हाईक पहिली ऐकतं, आणि त्या गैरसमजावर नव्या लॅपटॉपचे हप्ते सुरू होतात.

ती यादीच आधी बघू. ५ ऑक्टोबर २०२१ला विंडोज ११ आली तेव्हा तिच्या अटी अशा होत्या: ६४ बिटांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, आणि प्रोसेसरचं नाव कंपनीने मंजूर केलेल्या यादीत. शेवटची सोडून बाकी साऱ्या अटी तपासून बघता येतात. शेवटच्या अटीत तपासण्यासारखं काही नाही. नाव आहे किंवा नाही, एवढंच. इंटेलपुरती ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धापासून.

आता, विंडोजसाठी बनणाऱ्या नव्या मॉडेलांत टीपीएम २.० हवंच, ही सक्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६मध्येच केली होती. त्यामुळे सातव्या पिढीच्या कितीतरी लॅपटॉपांत ही सोय आहे, सिक्युअर बूट आहे, ८ जीबी रॅम आहे. अटींतल्या तपासता येण्यासारख्या सगळ्या गोष्टी आहेत. तरी ते नापास.

कंपनीची बाजू घेणारे इथे एक भारदस्त मुद्दा काढतात, आणि तो नीट ऐकायला हवा, कारण या वादातला तोच सर्वांत वजनदार आहे. विंडोज ११ प्रणालीच्या गाभ्याभोवती आभासीकरणाचं एक कुंपण उभारते, आणि गाभ्यात कोणता कोड चालू द्यायचा यावर पहारा ठेवते. हा पहारा झटपट व्हावा म्हणून प्रोसेसरमध्येच एक सोय लागते. इंटेलकडे तिचं नाव एमबीईसी. ती नसेल तर तेच काम सॉफ्टवेअरच्या जोरावर करावं लागतं आणि यंत्र मंदावतं. म्हणून जुने प्रोसेसर वगळले, असं हे समर्थन. ऐकायला अगदी रास्त. पण मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे तांत्रिक कागद सांगतात की इंटेलकडे ही सोय केबी लेकपासून, म्हणजे सातव्या पिढीपासून आहे. एएमडीकडे तिचा जोडीदार आला झेन २ या रचनेबरोबर. तरी त्याआधीच्या झेन प्लसवर बनलेले रायझन २००० मालिकेतले प्रोसेसर मात्र मंजूर यादीत आहेत. म्हणजे ज्याच्याकडे सोय आहे तो दाराबाहेर आणि ज्याच्याकडे नाही तो आत. हा निकष तंत्रज्ञानाचा असेल तर त्याचा हिशेब मला कोणीतरी समजावून द्यावा.

आणि सातव्या पिढीलाही दार अगदीच बंद नव्हतं. ऑगस्ट २०२१मध्ये यादीत एक भर पडली: कोअर आय७-७८२०एचक्यू, तोही काही निवडक यंत्रांपुरता. हा प्रोसेसर होता मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २मध्ये, जो तेव्हा कंपनी अजून विकत होती. घरच्या मुलाला ग्रेस मार्क मिळाले, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

त्याच ऑगस्टमध्ये कंपनीने एक आकडा दिला होता, जो आजही समर्थक तोंडावर फेकतात: अटी न पाळणाऱ्या यंत्रांत गाभा कोसळण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी जास्त. ५२ टक्के म्हटलं की माणूस दचकतो. पण शेजारच्याच वाक्यात होतं की अटी पाळणाऱ्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के निर्धोक आहे. दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले, तर शंभरात ०.२ ऐवजी ०.३, एवढाच फरक निघतो. म्हणजे नापास यंत्रंही ९९.७ टक्के वेळा निमूट चालत होती. ते एकाच मापाचे नसतील, तर ते शेजारी-शेजारी मांडले कशाला?

विंडोज १० ‘संपली’ हेही अर्धसत्यच आहे. घरगुती वापरकर्त्याला आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय कंपनीनेच ठेवली: ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून आपल्या सेटिंगा त्यांच्या ढगात ठेवा. युरोपात ग्राहक संघटनेने आवाज केल्यावर तिथल्या लोकांना ही मुदत पैसे न घेता आणि सेटिंगा ढगात ठेवण्याची अट न घालता द्यावी लागली. त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच. कारखान्यातली यंत्रं, तिकिटांची खोकी, दवाखान्यांतली उपकरणं यांच्यासाठी विंडोज १०चीच एक आवृत्ती विकली जाते, आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ नावाची. तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत जानेवारी २०३२पर्यंत. दुरुस्त्या लिहिल्या जाणारच आहेत. त्या तुमच्या लॅपटॉपवर उतरू द्यायच्या की नाही, हा प्रश्न परवान्याचा आहे. २०१५ साली कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने परिषदेत विंडोज १० ही शेवटची विंडोज असल्याचं सांगितलं होतं आणि कंपनीने तेव्हा ते खोडून काढलं नव्हतं, हे आता कोणाला आठवत नाही.

मग यंत्राची खरी मर्यादा असतेच ना? असते. आणि ती कुठे असते हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या बाजूचे उत्साही लोक समोरच्यांपेक्षा जास्त घोळ घालतात.

विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रणालीच्या कोडमध्येच एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या प्रोसेसरच्या आज्ञा वापरलेल्या आहेत. कोअर टू ड्युओला त्या आज्ञा येतच नाहीत. त्यामुळे २००८चा थिंकपॅड एक्स२०० कितीही लाडका असला, तरी त्यावर ही आवृत्ती सुरूच होत नाही. तिथे कोणाचा हट्ट नाही, अर्जविनंतीचा प्रश्न नाही. ही झाली खरी भिंत. तशीच दुसरी भिंत ३२ बिटांची. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलर आणि गाभा देणं थांबवलं, आणि फायरफॉक्सनेही त्याच वर्षी ३२ बिटांच्या लिनक्ससाठीचा आधार आवरता घेतला. २००६च्या सुरुवातीचा, कोअर ड्युओवाला थिंकपॅड टी६० कोणाकडे असेल तर त्याने त्यावर कथा लिहाव्यात, जुने खेळ खेळावेत, इंटरनेटला जोडू नये. त्या यंत्राबद्दल दुकानदार म्हणतो ते बरोबर आहे.

पण दुकानदार ते टी६०बद्दल म्हणत नसतो. तो ते म्हणतो २०१२च्या, २०१५च्या, २०१७च्या यंत्रांबद्दल. म्हणून मुद्दाम जरा कठीण उदाहरण घेतो: २०११चा थिंकपॅड टी४२० किंवा त्याचा धाकटा भाऊ एक्स२२०. परदेशी कंपन्यांच्या भाडेकराराची मुदत संपली की असे लॅपटॉप ढिगाने आपल्याकडे येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये वर्षानुवर्षं त्यांचीच उलाढाल चालली आहे. आत इंटेलची दुसरी पिढी, सँडी ब्रिज. टीपीएम १.२. सिक्युअर बूट नाही. विंडोज ११च्या लेखी हा कधीच मेलेला. प्रत्यक्षात त्याच्या पोटाखालचे स्क्रू काढले की हार्ड डिस्क हातात येते, रॅमच्या दोन पट्ट्या बदलता येतात, बॅटरी तर स्क्रूही न काढता खटकन निघते. (कीबोर्डाबद्दल बोलत नाही. सात ओळींचा तो जुना कीबोर्ड. त्यावर टंकलेल्या माणसाला नंतरचं काहीच आवडत नाही, आणि अशी माणसं वाद घालायला कुचकामी असतात.)

यावर लिनक्स मिंट २२ बसते. जुलै २०२४ची प्रणाली, २०२९पर्यंत दुरुस्त्यांची हमी, आणि किमान गरज २ जीबी रॅमची, आरामात चालायला ४ जीबी. टी४२०त ८ जीबी सहज असतात. म्हणजे चौदा वर्षांच्या यंत्रावर पुढच्या काही वर्षांच्या दुरुस्त्यांसह चालणारी प्रणाली, फुकट आणि कुठलंही कुलूप न फोडता.

इथे पहिला आक्षेप येतो सुरक्षेचा. जुनं यंत्र म्हणजे चोराला उघडं दार, असं सांगतात आणि पुढे वॉनाक्रायचं नाव घेतात. वॉनाक्राय हा माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. १२ मे २०१७ला तो किडा पसरला, ब्रिटनची सरकारी रुग्णालयं ठप्प झाली. ज्या फटीतून तो शिरला ती फाइली वाटून घेण्याच्या एका जुन्या प्रोटोकॉलमधली होती, आणि ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिली होती. लागण झालेल्या यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ची होती, म्हणजे तेव्हा आधार चालू असलेल्या प्रणालीची. त्या यंत्रांचा प्रोसेसर किती जुना आहे याच्याशी वॉनाक्रायला काही कर्तव्य नव्हतं. दुरुस्ती न चढवलेलं कालचं यंत्र बळी पडलं, चढवलेलं दहा वर्षांचं यंत्र वाचलं. धोका जुन्या सॉफ्टवेअरचा असेल तर उपाय नवं सॉफ्टवेअर हाच असणार, आणि जुन्या लॅपटॉपवर नवी प्रणाली बसवणारा माणूस नेमकं तेच करत असतो. त्याला बेजबाबदार ठरवायचं आणि विंडोज ७वर इंटरनेट बँकिंग करत बसलेल्याला नवा लॅपटॉप विकायचा, यात सुरक्षेची काळजी किती आणि विक्रीची किती?

यंत्राच्या पोटातल्याही काही फटी आहेत, हे मान्य. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरांच्याच रचनेतल्या उणिवा जाहीर झाल्या. इंटेलने मायक्रोकोडच्या दुरुस्त्या किती मागे जाऊन द्यायच्या याची एक रेघ आखली. सँडी ब्रिजला त्या मिळाल्या, कोअर टू ड्युओच्या पेनरिनसारख्या पिढ्यांना नाकारल्या. बायोसच्या दुरुस्त्या तर निर्माते काही वर्षांतच बंद करतात. तेव्हा कोट्यवधींचे व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाने टी४२० वापरू नये, हे मी कबूल करतो. पण असा माणूस दुकानात ‘काका, नवीनच घ्या’ ऐकायला जात नाही. मुलाचा अभ्यास, वडिलांचं वर्तमानपत्र, एखाद्याची लेखनाची हौस, दुकानाचा पत्रव्यवहार यांच्यासमोरचा खरा धोका फसव्या दुव्यांचा आणि एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याचा असतो. नव्या लॅपटॉपबरोबर ती सवय बदलून मिळत नाही.

वेगाचा आक्षेप जरा अनुभवाचा आहे, म्हणून तो धरून ठेवला जातो. ‘आमचा लॅपटॉप चालू व्हायला चहा होतो’ ही तक्रार खरीच. पण तिचा आरोपी बहुतेक वेळा प्रोसेसर नसून मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी तबकडी असते. इकडे-तिकडे विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे झाले तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा सुई हलवू शकते. साध्या साटा एसएसडीला तेच काम हजारोंनी जमतं. विंडोज १० तर मागच्या बाजूला सतत काही ना काही वाचत-लिहीत असते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली दिसते आणि लोक म्हणतात यंत्र थकलं. एसएसडी घाला, पंख्यातला धुळीचा नमदा काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला. एवढ्याने जो फरक पडतो तो पाहून बरेच जण नवीन प्रणालीचा विचारच पुढे ढकलतात, आणि ती चूक करतात. कारण यंत्र वेगवान झालं तरी खाली प्रणाली आधार संपलेलीच राहते.

व्हिडिओचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि त्याला एसएसडी काही करू शकत नाही. यूट्यूब आज बहुतेक चित्रफिती व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींत पाठवतं. सँडी ब्रिजच्या ग्राफिक्सला या पद्धती उलगडण्याची अंगभूत सोय नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा किंचाळू लागतो, चित्र अडखळतं. एच.२६४ मात्र त्याला उत्तम येतं. ब्राउझरमध्ये एक छोटी पुरवणी घातली की यूट्यूब एच.२६४च पाठवू लागतं आणि पंखा शांत होतो. ४के चित्रं विसरा. पण चौदा इंचांच्या त्या पडद्यावर ४केचा हट्ट धरणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप सॉफ्टवेअरचा आहे, आणि महाराष्ट्रात तो विशेष गंभीर आहे. टॅली विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीचा टोकन आणि ई-निविदांची संकेतस्थळं लिनक्सवर चालवायची म्हणजे डोक्याला ताप. आणि छपाईचा धंदा! पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. अडोबीने ते केव्हाच सोडून दिलं. तरी मराठी छापखान्यांत आणि डीटीपी सेंटरांत अजून पेजमेकर उघडलेलं दिसतं, कारण त्यांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या फाइली, लग्नपत्रिकांपासून ग्रंथांपर्यंत, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत अडकलेल्या आहेत. हे फाँट युनिकोडचे नव्हेत. पडद्यावर ‘क’ दिसतो आणि आत भलतंच रोमन अक्षर असतं. दुसऱ्या यंत्रावर नेलं की मजकुराचा काला होतो. अशा माणसाला ‘लिनक्स टाका’ म्हणून मोकळं होणारा उत्साही मला त्या दुकानदाराइतकाच बेफिकीर वाटतो.

पण हा आक्षेप नेमका कोणाच्या विरोधात जातो ते बघा. पेजमेकर ७ आणि २००१ सालचे फाँट विंडोज ११वर तरी कुठे गुण्यागोविंदाने नांदतात? डीटीपीवाल्याचा प्रश्न नवा लॅपटॉप घेऊन सुटत नाही, उलट चिघळतो. त्याचा उपाय आहे तो असा: जुनी विंडोज एका बंद खोलीसारखी ठेवायची, इंटरनेट तोडून, एक तर वेगळ्या डिस्कवर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, आणि बाहेरच्या जगाशी संबंध येतो त्या कामासाठी ताजी प्रणाली. ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे दोन्ही एकत्र चालतं. दरम्यान फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं काम सुरू करायचं, जे पंधरा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. टॅलीवाल्याने मात्र विंडोजच ठेवावी, आणि त्याचं यंत्र सातव्या पिढीचं असेल तर त्याने ती वाढीव मुदत घ्यावी. त्याला उगाच क्रांतीच्या कामाला लावू नये.

‘पण लोकांना विंडोजच येतं’ हा आक्षेप मला कमी पटतो. २००१पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांना संगणक शिकवला, आणि त्याचं श्रेय निर्विवाद आहे. पण त्या शिकवणीतून संगणक म्हणजे डावीकडचं स्टार्ट बटण, अशी समजूतही घट्ट झाली. केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात, मल्याळममध्ये टंकतात, आणि मोठी होऊन विंडोजवरही सरावतात. आपल्याकडे सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात. बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स याच संस्थेच्या चेन्नई केंद्राने बनवली. आणि पुण्यातल्या किती शाळांत ती कोणी पाहिली आहे? मराठी टंकनापुरतं बोलायचं तर इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासून असतो, आणि मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्त असा मुक्ता फाँट कोणीही उतरवून घेऊ शकतं. ज्याला ब्राउझर, पत्रं आणि हिशेबाचा तक्ता एवढंच हवं आहे, त्याचा सराव दोन-चार दिवसांत बसतो. दर सहा महिन्यांनी मोबाइलचं रूप बदललेलं हाच माणूस निमूट सहन करतो.

आता माझ्याच बाजूच्या एका टोळीला दोन शब्द. विंडोजच्या रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून किंवा खास बनवलेल्या पेनड्राइव्हने विंडोज ११ला चकवून जुन्या यंत्रावर बसवणारे बरेच आहेत. गंमत म्हणजे तो आकडा कसा बदलायचा हे काही काळ मायक्रोसॉफ्टनेच स्वतःच्या पानावर लिहून ठेवलं होतं, मग काढून टाकलं. स्वतःच्या यंत्रावर हवं ते करा. पण शेजारच्या आजोबांच्या लॅपटॉपवर हे करू नका. अशा यंत्रांना दुरुस्त्यांचा हक्क नाही असं कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे. महिन्याच्या दुरुस्त्या आज येतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, दर वेळी पुन्हा चकवावं लागतं. आणि २४एच२ने कोअर टू ड्युओवाल्यांना एका फटक्यात बाहेर काढलं, तसं पुढे कोणाचं होईल हे सांगता येत नाही. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून २०१२च्या मॅकबुकवर नवा मॅकओएस चालवणाऱ्यांचंही तेच, फक्त तिथे आणखी एक भिंत दिसते आहे: मॅकओएस २६ ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती, असं अॅपलने जाहीर केलंय. माझा सारा युक्तिवाद यंत्राला मोकळेपणाने स्वीकारणाऱ्या प्रणालीसाठी आहे. मागच्या दाराने आत शिरून दर महिन्याला श्वास रोखून बसणं म्हणजे यंत्र वाचवणं नव्हे.

पर्यावरणाचं मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात आणि कोणी काही करत नाही. विंडोज १०च्या समाप्तीमुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३मध्ये दिला होता. लॅपटॉपचे निर्माते स्वतःचे जे कार्बन अहवाल छापतात, त्यांत बहुतेकदा मोठा वाटा वापराचा नसून उत्पादनाचा असतो. (आपली वीज कोळशावर असल्यामुळे भारतात वापराचा वाटा काहीसा वाढतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण लॅपटॉप मुळातच फारशी वीज खात नाही.) आपल्या २०२२च्या ई-कचरा नियमांत यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना स्वतंत्र स्थान आहे. तरी कचेऱ्यांच्या निविदा निघतात त्या सरसकट बदलीच्या, आणि बदललेली यंत्रं अनेक हातांतून फिरत शेवटी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत हातोड्याखाली जातात. विंडोज ११ न चालणारी यंत्रं लिलावात काढण्याआधी त्यांत मोकळी प्रणाली टाकून ती ग्रंथालयांना, शाळांना द्या, असा एक ओळीचा आदेश काढायला कोणत्याही खात्याला नव्या कायद्याची गरज नाही.

‘पण लिनक्सवालेही उद्या जुनी यंत्रं टाकतीलच की’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो हुशार आहे. टाकतीलच, टाकायला सुरुवात झालीही आहे. मे २०२५मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १०ने प्रोसेसरची किमान पातळी एव्हीएक्स२पर्यंत वर नेली, म्हणजे आपला सँडी ब्रिजवाला टी४२० तिच्या दारातच अडला. इथवर गोष्ट विंडोज ११सारखीच आहे. पण रेड हॅटच्याच वळणावर चालणाऱ्या आल्मालिनक्सने १०ची प्रणाली जुन्या पातळीसाठीही बांधून दिली, आणि ती टी४२०वर चालते. त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण कोड खुला आहे आणि तो पुन्हा बांधायचा हक्क परवान्यातच आहे. विंडोजची यादी सातव्या पिढीपर्यंत मागे न्यावी असं उद्या हजार लोकांना वाटलं, त्यांच्याकडे वेळ, पैसा, कौशल्य सगळं असलं, तरी ते त्यांना करता येणार नाही. म्हणून दुकानात ‘काका, यात काही राहिलं नाही’ असं कोणी म्हटलं की मी एवढंच विचारतो: यात काही राहिलं नाही, हे प्रोसेसर म्हणतोय की परवाना?